वरच्या पाळण्यावरची लाल गाडी

गोपनीय
(या अर्जाची प्रत कोणासही देऊ नये, ही सुरुवातीलाच विनंती)

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
गृहनिर्माण संस्था कक्ष,
पनवेल, जि. रायगड.

अर्जदार : गोरख बुधाजी घरत, धंदा नोकरी (मेंटेनन्स फिटर, तळोजा), राहणार सदनिका ३०२, नीलमोहर सहकारी गृहनिर्माण संस्था, रोडपाली, कळंबोली.

विषय : पार्किंग यंत्राच्या वरच्या पाळण्यावर अडकलेल्या माझ्या गाडीबाबत चौथा व शेवटचा अर्ज.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे तीन अर्ज.
२) त्या तिन्ही अर्जांवर आलेले आपले एकच उत्तर.

महोदय,

माझे आधीचे अर्ज आपल्या कार्यालयात असतीलच. तरीही हा अर्ज नव्या साहेबांच्या टेबलावर गेला तर त्यांची पंचाईत होऊ नये, म्हणून सर्व हकीगत पहिल्यापासून सादर करतो.

१. आमच्या इमारतीत जागा कमी आणि गाड्या जास्त असल्याने बिल्डरने दुमजली पार्किंगची यंत्रे बसवून दिली आहेत. एक गाडी खाली जमिनीवर आणि दुसरी तिच्या डोक्यावर, लोखंडी पाळण्यावर. खालची गाडी बाहेर काढल्याशिवाय वरचा पाळणा खाली येत नाही. यंत्राची ही एकच अट आहे आणि ती आजवर कोणीही मोडू शकलेले नाही.

२. अर्जदाराकडे लाल रंगाची, सोळाशे सीसीची पेट्रोल हॅचबॅक गाडी आहे. ती मी जुनी घेतली आणि गेली आठ वर्षे स्वतःच्या हाताने घडवली. स्प्रिंगा बदलून ती दोन इंच खाली बसवली. अलॉय व्हील्स, पुढे रेसिंगची बकेट सीट, हवेचा मोठा फिल्टर हे सर्व टप्प्याटप्प्याने केले. आवाजाचा सायलेन्सर बसवला होता, तो नियमात बसत नाही असे कळल्यावर काढून कंपनीचा परत लावला, याची नोंद घ्यावी. नेऱ्याच्या घाटरस्त्याला रविवारी पहाटे ही गाडी दुसऱ्या गिअरमध्ये वळण घेते तेव्हा मला जे वाटते, ते या अर्जात लिहिण्यासारखे नाही. पण साहेब, माझा जीव आहे त्या गाडीत.

३. पाळण्याच्या वर बीम असल्याने उंच गाडी तिथे मावत नाही. संस्थेचे अध्यक्ष श्री. इंद्रजीत यांनी ‘तुमची ठेंगणी आहे, वर तीच मावेल’ असे सांगून वरची जागा मला दिली. मी आनंदाने घेतली. वर मांजर नाही, क्रिकेटचा चेंडू नाही, शेजारच्याचे दार लागून ओरखडा नाही. जगात याहून सुरक्षित जागा नाही, असे मी तेव्हा चारचौघांत बोललो होतो. ते अजून लोकांच्या लक्षात आहे.

४. माझ्या खालची जागा सदनिका ६०४ चे मालक श्री. कमरुद्दीन मुकादम यांची आहे. ते मस्कतला नोकरीस असतात. पूर्वी जाताना ते आपली गाडी बाहेर मैदानाकडेला लावून जात, त्यामुळे मला अडचण नसे. मागच्या खेपेला घाईत गाडी खालीच ठेवून गेले आणि दोन महिन्यांत येतो म्हणाले. त्याला आता दुसरे वर्ष सरत आले आहे. त्यांच्या पत्नी श्रीमती सायरा मुकादम येथे एकट्या राहतात. चावी त्यांच्याकडे आहे. मी मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, “गोरखभाई, रागावू नका. त्यांनी लावलीय तशीच राहू दे. त्यांची सीट, त्यांचा आरसा, सगळं तसंच आहे. ते येतील तेव्हा काढतील, इन्शाअल्लाह.”

अध्यक्षांनी हात वर केले. दोघेही सभासद, दोघांमधला वाद, कक्षाकडे जा, असे म्हणाले. म्हणून मी आपल्याकडे आलो.

५. दरम्यान गाडी मरू नये म्हणून अर्जदार शिडी लावून वर चढतो. खांबामुळे दार पुरते उघडत नाही, सबब मागच्या डिकीतून आत शिरावे लागते. डोके छताला आणि छत बीमला, अशा स्थितीत बसून इंजिन चालू करणे, एकाच जागी उभे राहून टायर चपटे होऊ नयेत म्हणून गाडी वीतभर पुढे-मागे ढकलणे, बॅटरी उतरवून घरी चार्ज करणे, फिल्टरमधली कबुतराची पिसे काढणे ही कामे मी दर शुक्रवारी, कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी करतो. पोरे तिला ‘विमान’ म्हणतात. धूर दुसऱ्या मजल्यावर जातो म्हणून संस्थेने ‘वर गाडी चालू करू नये’ अशी पाटी लावली आहे. ती संपूर्ण पाटी माझ्या एकट्यासाठी आहे. माझे वडील नेऱ्याहून आले होते. त्यांनी मान वर करून गाडी पाहिली आणि म्हणाले, “आमी पेंढा माल्यावर ठेवायचो, ही पोरा गारी ठेवतान.” मग जेवून निघून गेले. पत्नी मनिषा हिचे म्हणणे असे की, नवरा वर चढतो तेव्हा तिला शेजारणींच्या तोंडाकडे बघवत नाही.

६. एके शुक्रवारी ऑइल बदलताना थोडे ऑइल खालच्या गाडीच्या बॉनेटवर सांडले. ते पुसायला उतरलो तर सायराभाभी फडके घेऊन तिथेच उभ्या होत्या. त्याही दर शुक्रवारी गाडी पुसायला येतात, हे मला तोवर ठाऊक नव्हते. मला वाटले आता माझी खैर नाही. त्या म्हणाल्या, “सांडू द्या, पुसलं की जातं. शिडी हलतेय, ती मी धरते.” तेव्हापासून त्या शिडी धरतात. दहाचा पाना कोणता आणि बाराचा कोणता, हे त्यांना आता न सांगता कळते. मी वर माझी गाडी पुसतो, त्या खाली त्यांची पुसतात. दार मात्र त्या कधी उघडत नाहीत. काचेतून आत बघतात आणि काच पुन्हा एकदा पुसतात.

हे सर्व अर्जाच्या विषयाबाहेरचे आहे, पण पुढचे समजण्यास आवश्यक आहे.

७. येत्या महिनाअखेरीस माझ्या गाडीला पंधरा वर्षे पूर्ण होत आहेत. नोंदणी पुढे वाढवायची तर गाडी तपासणीला प्रत्यक्ष न्यावी लागते. गाडी वर असताना ती कशी न्यावी, याचे उत्तर कोणाकडेही नाही. शिडीने तपासणी करायला कोणी येणार नाही, हे मी विचारून आलो आहे. नोंदणी गेली की ती गाडी राहणार नाही, लाल रंगाचे लोखंड राहील. म्हणून मी आपणास लागोपाठ तीन अर्ज केले. चाकांखाली छोट्या ट्रॉल्या सरकवून, दार न उघडता, सीटला हात न लावता खालची गाडी तेवढ्यापुरती बाजूला करतो आणि होती तशीच परत ठेवतो, असेही लिहून दिले. तिन्ही वेळा आपले उत्तर आले : ‘खालच्या वाहनाच्या मालकाची लेखी संमती जोडलेली नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’ उत्तर नियमाला धरून आहे. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

८. आता गोपनीय भाग.

दुसऱ्या अर्जानंतर मी वैतागून संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार शब्द लिहिले. श्री. कमरुद्दीन त्या ग्रुपवर होते. त्याच संध्याकाळी मला अनोळखी नंबरवरून त्यांचा फोन आला. म्हणाले, “गोरखभाई, तुमची गाडी काढून घ्या. माझी विका, भंगारात द्या, काय पण करा. लेखी पाहिजे तर लेखी देतो, एक मेसेज टाका फक्त. मी आता तिकडं येत नाय. माझं इथं घर झालंय, बायको आहे, लेकरू आहे. सायराला मी सांगेन, हळूहळू. तुम्ही काय बोलू नका.” मी म्हणालो, आधी घरी सांगा, मग माझ्या गाडीचे बघू. त्यांनी फोन ठेवला आणि रात्री ग्रुप सोडून गेले.

म्हणजे साहेब, आपण मागता ती संमती मला एका मेसेजवर मिळू शकते. तरी मी ती मागितलेली नाही. कारण आपल्या नियमाप्रमाणे प्रत्येक कागदाची प्रत सदनिका ६०४ ला जाते. नवरा दोन वर्षे येत नाही, फोन उचलत नाही, पण पार्किंगच्या कागदावर सही करून पाठवतो, हे त्या बाईने आपल्या कार्यालयाच्या शिक्क्याखाली वाचायचे का? त्या माणसाला शिव्या द्याव्यात असे फार वाटते, पण अर्जाची मर्यादा आहे.

९. मनिषा म्हणते, “सांगून टाका ना. आज ना उद्या कळणारच आहे.” कळेल. पण ते सांगणे माझ्या हातचे नाही आणि माझ्या गाडीच्या तपासणीपायी तर मुळीच नाही.

१०. आणि इथे खरी अडचण सुरू होते. आपल्या तिन्ही उत्तरांच्या प्रती सायराभाभींना मिळाल्या. त्या वाचून त्यांना माझे वाईट वाटले. तिसरे पत्र हातात घेऊन खाली आल्या आणि म्हणाल्या, “भाई, साहेबांना ह्यांची संमती पाहिजे ना? माझ्यामुळं तुमचं नुकसान नको. ते एकदा हो म्हणाले की मी चावी देते.” तेव्हापासून त्या रोज फोन लावतात. रिंग जाते, उचलत कोणी नाही. ड्युटी बदलली असेल, म्हणतात. मागच्या शुक्रवारी शिडी धरून उभ्या होत्या. मी वर गाडीत होतो. खालून त्यांनी विचारले, “तुम्हाला नाही ना आला त्यांचा फोन?”

मी नाही म्हणालो.

मग त्या म्हणाल्या, त्यांचा स्वतःचा माज नावाचा मामेभाऊ उरणहून पुढच्या आठवड्यात मस्कतला चालला आहे. त्याच्याजवळ आपल्या पत्राची प्रत देणार आहेत. तो ह्यांना कुठूनही शोधून काढेल आणि संमतीवर सही घेऊन येईल, असे त्यांचे म्हणणे. माज शोधून काढेल यात शंका नाही. पत्ता विचारत दारापर्यंत जाईल आणि दार कोण उघडेल, ते मला माहीत आहे. माझ्या लाल गाडीसाठी ती बाई हे सगळे करते आहे आणि मी वर बकेट सीटवर बसून ऐकतो आहे. उतरायला शिडी होती, तरी बराच वेळ उतरवेना.

११. अर्ज मागे घ्यावा, असा विचार केला. परंतु अर्ज मागे घेतला तरी त्या थांबणार नाहीत. भाईने माझ्यासाठी माघार घेतली, असे म्हणून उलट आणखी नेटाने सही आणायला पाठवतील. मी त्यांना तेवढे ओळखतो. संमतीची गरजच उरली नाही, असे सरकारी कागदावर आले तरच माजच्या खिशात ते पत्र जाणार नाही.

सबब आपणास नम्र विनंती की :

माझा अर्ज फेटाळावा. मात्र या वेळी ‘संमतीअभावी’ असे न लिहिता ‘सदर पार्किंग यंत्र नादुरुस्त असल्याने, मालकाची संमती असली वा नसली तरी, वरची गाडी खाली घेता येणार नाही’ असे स्पष्ट नमूद करावे. उत्तर माज निघण्यापूर्वी काढावे आणि त्याची प्रत सदनिका ६०४ ला माझ्याआधी मिळेल असे पाहावे.

कार्यालय खोटे लिहू शकत नाही, याची मला जाणीव आहे. मी स्वतः फिटर आहे. काल मी आमच्या जोडीच्या यंत्राचा हायड्रॉलिक व्हॉल्व्ह काढला आणि कंट्रोल पॅनलची वायरिंग तोडली. पाळणा लोखंडी खिट्ट्यांवर पक्का बसलेला आहे, कोणासही धोका नाही, इतर यंत्रे चालू आहेत. हे यंत्र बनवणारी कंपनी बंद पडून बरीच वर्षे झाली, तो व्हॉल्व्ह आता कुठे मिळत नाही, हे मी व्हॉल्व्ह काढण्याच्या आधी तपासून घेतले. आपला निरीक्षक केव्हाही पाठवावा. त्यास यंत्र खरोखरच नादुरुस्त आढळेल. संस्थेच्या मालमत्तेच्या नुकसानीबद्दल जी कारवाई होईल ती मला मान्य आहे, फक्त ती महिनाअखेरीनंतर करावी. तोवर नोंदणीची मुदत संपलेली असेल आणि कोणाच्या संमतीचा प्रश्नच उरणार नाही.

कळावे. आपला नम्र व नामंजुरीच्या प्रतीक्षेत,

(सही)
गोरख बुधाजी घरत
रोडपाली, गुरुवार

सोबत : १) गाडीच्या नोंदणी पुस्तकाची छायांकित प्रत.
२) गाडीचा फोटो, खालून काढलेला.
३) काढलेला व्हॉल्व्ह, वेगळ्या पाकिटात. तो आपल्याकडेच ठेवावा. माझ्याकडे राहिला तर एखाद्या रविवारी पहाटे मी तो परत बसवेन, असा मला माझाच भरवसा नाही.