बूट बदलून आणायला जाते आहे

बाळ्या,

तू आणलेले बूट बदलायला दुकानात जाते आहे. लंगडत का होईना, स्वतः जाते. काल तळ्याच्या वळणावर पाय पुन्हा मुरगळला. हाड शाबूत आहे, पण डोकं तापलंय.

पळताना माझं पाऊल आत कलतं, हे तुला बजावून सांगितलं होतं. बूट टाचेखाली मऊ हवेत, पण आतल्या कडेला पावलाला घट्ट आधार देणारे. सकाळी दुकानदाराला फोनवर झापलं, तर तो म्हणाला, "ताई, तसे बूट आहेत की. तुमचा मुलगाच म्हणाला, आईला घरातल्या घरात घालायचेत, नुसते मऊ द्या."

घरातल्या घरात? वर्षभर मी रोज पहाटे काय स्वयंपाकघरात पळते? तुला माझी लाज वाटत असेल तर तसं तोंडावर सांग. माझ्या पायाशी कशाला खेळतोस?

जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय, गरम करून घे. शेजारच्या काकूंना तू सांगतोस की आई पहाटे दूध आणायला जाते, हेही मला कालच कळलं. आज त्या आल्या तर सरळ सांग, आई पळते.

आई