पनवेलला पाठवलेले

३ फेब्रुवारी
आज धरमतर खाडीकाठच्या उपकेंद्रात नर्स म्हणून रुजू झाले. दोन खोल्या, खिडकीतून खाडी आणि मिठागरं. मदतनीस धोंडुबाईंनी तांदळाची भाकरी आणि जवळा आणला. म्हणाल्या, "बरा झाला गो समीक्षा, तू आलीस. हितं कोन टिकत नाय." मी टिकणार!

६ फेब्रुवारी
मिठागरातले हिरामणकाका छातीत कळ येऊन कोसळले. हृदयाचा डॉक्टर थेट पनवेलला. इथे अशा डॉक्टरांचं पोट भरत नाही, म्हणून कुणी बसत नाही. अ‍ॅम्ब्युलन्सची गाडी यायला दीड तास लागला. काका जाताना हसले.

७ फेब्रुवारी
सकाळी दहाला काका दारात! कळ अजून थांबली नाही म्हणाले. गाडी कधी येणार, विचारलं. रक्तदाब मोजायला गेले तर काटा हललाच नाही. पाणी आणायला आत वळले, तेवढ्यात ते नव्हते.
दुपारी त्यांच्या मुलाचा फोन. काका कालच वाटेत, वडखळच्या अलीकडे गेले.
धोंडुबाईंना सांगितलं. त्या भांडी घासत होत्या, थांबल्या नाहीत. "ज्यांची वाट पुरी होत नाय, ते माघारी येतान."

१२ फेब्रुवारी
आज तिघं आले. एक ओला, अंगाला खाडीचा चिखल. सगळ्यांचं एकच — गाडी आली का?
धोंडुबाई त्यांच्याकडे बघत नाहीत. मलाही बघू नको म्हणतात.

१५ फेब्रुवारी
बदली मागितली. तालुक्याचे साहेब म्हणाले, तिकडे जायला दुसरं कोणी तयार नाही. कळ काढा.
बाहेर सातजण. भरदुपारी. सावल्या नाहीत.

१८ फेब्रुवारी
नम्रता, एकवीस वर्षांची, पहिलटकरीण, नववा महिना. रक्त थांबत नाही. जवळच्या दवाखान्यात सिझेरियनसाठी भूल देणारा डॉक्टर आज नाही. पुन्हा पनवेल. या वेळी मी सोबत जाणार. तिला माघारी येऊ देणार नाही.

१:४० — गाडीत. तिचा हात धरलाय. दुसऱ्या हाताने लिहितेय.

२:०५ — वडखळ. ट्रकची रांग. नम्रता म्हणाली, ताई, दुखायचा थांबला.
नाडी लागत नाही. पुन्हा बघते — नाही.

ती बोलतेच आहे. ड्रायव्हर सुजय विचारतोय, मॅडम, कोनाशी बोलताव?

उठून बसली. म्हणते, गाडी फिरवा, बालाला घेऊन घरा जाते.
तिच्या पोटावर हात ठेवला. बाळ हलतंय. बाळ जिवंत —

सुजयला ओरडून सांगितलं, थांबू नको. माझ्या पेटीत ब्लेड आहे, बाळाला बाहेर काढते. ती माझं मनगट सोडत नाही, पण दुसरा हात मोकळा —