ओहोटीच्या वेळी सुनावणी

नाईवोतु,
४ मार्च

चि. एमोसीस,
अ. उ. आ. वि. वि.

आम्ही सगळे ठीक. तूही ठीकच असणार, सरकारी पंख्याखाली बसणाऱ्याला काय धाड भरलीय? टेलिफोन करत नाही म्हणून रुसू नकोस. गावात टेलिफोन एकच, तोही गावप्रमुख साकेआसीच्या ओसरीवर. मी तोंड उघडलं की त्याच्या घरची सात माणसं कान टवकारतात. त्यापेक्षा पत्र बरं.

नदीचं काही खरं नाही रे. वरच्या अंगाच्या कातडी कमावण्याच्या कारखान्याने आता लाजच सोडलीय. दिवसाढवळ्या पाणी सोडतात, कधी निळसर, कधी तांबूस. आम्ही बायका शिंपल्यांसाठी पायाने चिखल चाचपतो, तर निम्म्या शिंपल्या आ वासून मेलेल्या. शेजारच्या उनाईसीच्या पोटऱ्यांवर फोड उठलेत. शनिवारी बाजारात वाटे लावून बसले होते. एका गिऱ्हाइकाने वाटा उचलून नाकाला लावला आणि काही न बोलता खाली ठेवला. तीस वर्षांत माझा असा अपमान झाला नव्हता. भाव पाड म्हणाली असती तर भांडले तरी असते!

साकेआसीला सांगायला गेले, तर म्हणे गावची अकरा माणसं तिथे कामाला आहेत, त्यात त्याचा मुलगाही आहे, तेव्हा बायकांनी तोंड आवरावं. आणि आता बसचा ड्रायव्हर सांगतो की कारखाना दुप्पट मोठा होणार.

तू पर्यावरण खात्यात आहेस. आई गेल्यावर याच शिंपल्या विकून तुला शिकवलं, ते काय नुसते शिक्के मारायला? चौकशी कर आणि कळव. जेवत जा. मागच्या फोटोत गळ्यातला टाय तुझ्यापेक्षा जाड दिसत होता.

माया आहेच, ती मागून घ्यावी लागत नाही.
तुझी ताई,
तोरिका

सुवा,
११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. तेव्हा टायबद्दल आता आणखी बोलू नकोस.

ड्रायव्हर म्हणाला ते खरं आहे. कारखाना वाढवण्याचा अर्ज आमच्याच खात्यात पडून आहे. लोकांच्या हरकती मागवणारी नोटीसही लागलीय. कुठे, तर आमच्या व्हरांड्यात, दाराच्या मागे. दार उघडं असलं की ती दिसत नाही आणि दार दिवसभर उघडंच असतं. मी रोज तिच्यासमोरून जातो, ताई. हरकती २८ तारखेपर्यंत द्यायच्या आहेत. सुनावणी ९ एप्रिलला सकाळी नऊ वाजता, इथल्या एका हॉटेलात, इंग्रजीतून. म्हणजे तुमच्यातल्या कुणाला यायचं झालं तर आदल्या दिवशीच बस पकडायला हवी.

हा कागद सार्वजनिक आहे, तो कुणालाही सांगता येतो, म्हणून तुला सांगतोय. तरी माझं नाव कुठे घेऊ नकोस. आमचे पिल्लेसाहेब फार कडक. तुम्ही हरकत मात्र लिहा. काय दिसतं, कधी दिसतं, तेवढंच लिहा. शिव्या घालू नका. हे विशेषकरून उनाईसीला सांग.

तुझ्या पायांवर फोड नाहीत ना? ते तू लिहिलं नाहीस.
तुझा,
एमोसी

नाईवोतु,
१८ मार्च

चि. एमोसीस,
अ. आ.

पायांचं सोड. त्यावर तुरटी लावते.

चर्चच्या हॉलमध्ये बायकांची बैठक झाली. चटया विणत विणतच मजकूर ठरला. मी लिहीत होते, बाकीच्या सांगत होत्या. कुठल्या दिवशी पाणी कुठल्या रंगाचं होतं, हे रंगाच्या नावाने कुणालाच सांगता येईना. मग नासलेल्या दुधासारखं, गंजलेल्या पत्र्यासारखं, असं लिहिलं. बाजारात हुंगून ठेवलेल्या वाट्याचंही घातलं. उनाईसीने मालकाच्या आजीला उद्देशून एक वाक्य घातलं होतं. आधी प्रार्थना म्हटली, मग ते खोडलं.

हरकत आपल्या भाषेत लिहिलीय. इंग्रजीत लिहिलं असतं तर ते माझं झालं असतं, त्यांचं नसतं. शेवटी मागणी घातली: सुनावणी आमच्या हॉलमध्ये घ्या, आमच्या भाषेत घ्या आणि ओहोटीच्या वेळी घ्या, म्हणजे नदी काय म्हणते तेही ऐकता येईल. सह्या एकेचाळीस.

साकेआसीकडे मी रीतीने गेले. मानाच्या पेयासाठी यंगोनाच्या मुळांची जुडी समोर ठेवली, खाली मान घालून बोलले. कारखाना बंद करा असं आम्ही म्हणत नाही, पाणी धुऊन सोडा म्हणतो, एवढंच सांगितलं. त्याने जुडी घेतली खरी, पण सही केली नाही. त्याच्या बायकोने मात्र माझ्यामागे दारापर्यंत येऊन केली. बेचाळीस.

ड्रायव्हरच्या हाती पाकीट पाठवलंय. तुझं नाव कुठेही नाही.
तुझी ताई,
तोरिका

सुवा,
२६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नाव नाही म्हणतेस, पण आता ते साऱ्या खात्याला ठाऊक झालंय. आणि ते मीच सांगितलं.

झालं असं. तुमचं पाकीट उघडलं तेव्हा साहेब म्हणाले की हे इंग्रजीत नाही, परत पाठवून द्या. मी उभा राहिलो आणि म्हणालो की मी भाषांतर करतो, आणि हेही ऐकून घ्या की पहिली सही माझ्या बहिणीची आहे. सगळ्यांचे हात टाइपरायटरवर तसेच राहिले. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, झाली बदली एखाद्या लांबच्या बेटावर.

ते म्हणाले, वाच. मी उभ्या उभ्या इंग्रजी करत वाचलं. बाजारात त्या बाईने वाटा हुंगून ठेवला, तिथे आलो आणि साहेबांनी थांबवलं. त्यांची आई वांगी विकायची म्हणे, उसाच्या मळ्याजवळ. मग म्हणाले की ओहोटीचं वेळापत्रक आणा.

तर ९ तारखेला सुनावणी तुमच्या हॉलमध्ये, सकाळी साडेदहाला. मी नातलग, म्हणून दुभाषी दुसरा येईल. मला इथेच बसवलंय. नखं खात बसेन. सगळं लिही, अगदी सगळं.
तुझा,
एमोसी

नाईवोतु,
१० एप्रिल

माझ्या वाघा एमोसी,
अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा. नोकरी पणाला लावायची तर आधी विचारायचं! रात्री सगळ्या बायकांना तुझं पत्र वाचून दाखवलं. दोनदा.

आता ऐक. कंपनीचा व्यवस्थापक आला, एक तज्ज्ञ आला, पडदा आला, तक्ते आले. तज्ज्ञाने अर्धा तास सिद्ध केलं की नदीचं पाणी झऱ्यासारखं आहे. सगळे आकडे हिरव्या रंगात. मग उनाईसीने हात वर केला आणि विचारलं की साहेब, बाटली कुठे भरली? त्याने नकाशावर बोट ठेवलं: पुलापाशी. हॉलमध्ये असा हशा पिकला की बाळं जागी झाली. पूल कारखान्याच्या पाइपाच्या वरच्या अंगाला आहे रे! उनाईसी म्हणाली, तिथलं पाणी झऱ्यासारखं आहे हे सांगायला तुम्ही उगीच एवढे लांब आलात, आमचे बोकडसुद्धा तिथेच पितात.

मग मी पिल्लेसाहेबांना म्हटलं, ओहोटी लागलीय, चला. त्यांनी बूट काढले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि निघाले. बघता बघता सगळी सुनावणी नदीत! शिंपली पायाने कशी चाचपायची ते आम्ही शिकवलं. साहेबांना पाच सापडल्या, त्यातल्या चार मेलेल्या. त्या त्यांनी रुमालात बांधून घेतल्या. व्यवस्थापक बुटासकट उतरला आणि एका बुटासकट वर आला. दुसरा बूट काढायला तिघी लागल्या. तो ओशाळला, पण हसला. माणूस वाईट नाही. त्याला नदीत कुणी कधी नेलंच नव्हतं.

सगळ्यांत शेवटी चिखलात उभा राहून साकेआसी बोलला. मला धडकीच भरली. तो म्हणाला, माझ्या मुलाला काम हवंय आणि माझ्या बायकोला नदी हवीय. दोन्हीतलं एक निवड, असं मला आजवर सांगत आलात. आणि मी मूर्खासारखा ते ऐकत आलो. निवडायचं का म्हणून? बस, एवढंच. त्याची बायको त्याच्याकडे अशी बघत होती, जणू लग्न कालच लागलंय.

नंतर सगळे अळकुड्या आणि नारळाच्या दुधातली पालेभाजी जेवले. शिंपल्या वाढता आल्या नाहीत याचं वाईट वाटलं. निकाल कधी?
तुझी ताई,
तोरिका

सुवा,
५ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

निकालपत्र मी स्वतः टाइप केलं. तीन ओळींत चुकलो, कारण अक्षरं दिसेनात.

पाणी धुण्याच्या टाक्या बांधून झाल्याखेरीज कारखाना वाढवायचा नाही. दर महिन्याला पाइपाच्या खालच्या पाण्याची तपासणी, आणि बाटल्या भरताना गावातल्या दोघी हजर. त्यांची सही नसेल तर ती तपासणी धरायची नाही. या नदीबद्दलची पुढची प्रत्येक सुनावणी नदीकाठी आणि आपल्या भाषेत. कामगारांना हातमोजे, हेही आहे. ते साकेआसीच्या मुलाने मागितलं होतं.

माझी बदली झाली नाही. शिक्षा मात्र झाली: यापुढे सगळ्या नोटिसा मी लावायच्या, बसस्टँडवर, बाजारात आणि चर्चच्या फाटकांवर. कालच पहिली लावली. एक म्हातारा येऊन ती पूर्ण वाचेपर्यंत मी तिथेच उभा होतो. त्याने माझ्याशी हुज्जत घातली. काय आनंद झाला म्हणून सांगू!
तुझा,
एमोसी

नाईवोतु,
२२ नोव्हेंबर

चि. एमोसीस,
अ. उ. आ.

टाक्या झाल्या. काल पहिल्यांदा धुतलेलं पाणी सोडायचं होतं. सकाळीच व्यवस्थापकाचा माणूस आला आणि म्हणाला, साहेब विचारतायत, बायका तयार असतील तर झडप उघडू का?

आयुष्यात मला कुणी असं विचारलं नव्हतं. मी आणि उनाईसी बाटल्या घेऊन पाइपाच्या तोंडाशी गेलो. वर भिंतीवर व्यवस्थापक, कामावरची सगळी पोरं, साकेआसी, सगळे आमच्या तोंडाकडे बघत उभे. मी कमरेइतक्या पाण्यात गेले. आणि देव मला क्षमा करो, मी त्यांना थोडं थांबवलं. काही कारण नव्हतं. ओहोटी व्हायची ती झाली होती, बाटल्याही कोऱ्या होत्या. नुसती उभी राहिले, वाऱ्यावर, पाच मिनिटं. एवढा मोठा कारखाना वाट बघत होता.

मग म्हटलं, सोडा.

पाणी आलं. मी ओंजळीत धरलं, तर तळहाताच्या रेषा दिसल्या. बाटली भरली, झाकण लावलं, सही केली. उनाईसीला मात्र दम निघाला नाही. तिने पाइपाखाली जाऊन तोंड धुतलं आणि वरच्यांना ओरडून सांगितलं की आता कुणी हुंगून बघायचं असेल तर या!

ख्रिसमसला तू येतोयस, हे मी ठरवून टाकलंय. जुनी विजार आण.

जीव लावतोस तसाच लावत राहा.
तुझी ताई,
तोरिका