साधे, आनंदी, कष्टाळू

विद्यापीठ वसतिगृह, ४ मे

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार, आणि पत्राला उशीर झाला म्हणून आधीच कान पकडले आहेत.

जगातल्या संस्कृती शाळेत कशा शिकवाव्यात, हे आम्हा मास्तर-बाईंना बाकांवर बसवून शिकवणं चाललंय. भूगोलाचे एक मास्तर मागच्या बाकावर डुलक्या काढतात, अगदी त्यांच्या वर्गातल्या पोरांसारखे.

काल प्राध्यापिकाबाईंनी एक पेटी उघडली. दूरच्या देशातल्या शिक्षकांनी त्यांच्या मुलांसाठी केलेली, आणि विषय होता तुझा-माझा देश. आत एक लाकडी चमचा आणि एक बाहुली. बाहुलीच्या गळ्यात चिठ्ठी: ‘हे लोक साधे, आनंदी आणि कष्टाळू असतात.’ वर्ग हसला. डुलकीवाले मास्तर खडबडून जागे झाले आणि साधं कोणाला म्हणतात हे, असं विचारू लागले. मला मात्र हसू आलं नाही. आत्या, हेच वाक्य तुझ्या अक्षरात आपल्या शाळेच्या कपाटात आहे. प्रत्येक देशाच्या बाहुलीच्या गळ्यात, तेच.

ते ‘जगाचं कपाट’ तू निवृत्त होईपर्यंत वाढवलंस, आता तुझ्याच वर्गात मी शिकवते. पुढच्या महिन्यात शाळा कपाटाला तुझं नाव देणार, तू भाषण करणार. त्याआधी त्या चिठ्ठ्या काढाव्यात असं मला वाटतं. तुला विचारल्याशिवाय हात लावणार नाही.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी चिमणी


घर, ९ मे

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद. कान सोड, पुढचं पत्र दोन्ही हातांनी धरून वाच.

वर्तमानपत्रं ज्या देशाच्या नावानं दात-ओठ खात होती, त्या देशाची बाहुली मी कपाटात ठेवली. तिथली माणसंही कष्ट करतात, हसतात, एवढं लिहायलासुद्धा तेव्हा छाती लागत होती. मुख्याध्यापकांनी ती काढायला सांगितली. मी म्हटलं, ती गेली तर मीही जाईन. दोघीही राहिलो. आणि आता तू चार दिवस बाकावर बसलीस, तर तुला माझं वाक्य टोचायला लागलं?

चिठ्ठ्या निघणार असतील तर माझ्या नावाची पाटी लावू नका, आणि भाषणाला दुसरी कोणी शोधा.

तुझे काका म्हणतात, राग उतरल्यावर उद्या पत्र टाक. म्हणून आजच टाकते आहे. लोभ आहे, पण सध्या तो दिसणार नाही.
आत्या


वसतिगृह, १३ मे

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार. पत्र दोन्ही हातांनी धरूनच वाचलं.

त्या बाहुलीची हकिकत मला ठाऊकच नव्हती. चिठ्ठीवर ती का नाही? तू लिहिलंस तेव्हा ते वाक्य दार उघडत होतं. आज माझी मुलं ते वाचतात, मान डोलावतात आणि पुढच्या बाहुलीकडे जातात. एकही प्रश्न विचारत नाहीत. मला त्यांचे प्रश्न हवेत.

एकदा करून बघ. घरातल्या कुणाचीही अशी चिठ्ठी लिही, एका वाक्यात, आणि त्याच माणसाला वाचायला दे. त्याला पटली, तर मी एकाही चिठ्ठीला हात लावणार नाही.

न दिसणाऱ्या लोभावरही भागवणारी,
चिमणी


घर, १९ मे

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद, त्यातले अर्धे नाइलाजानं.

तुझ्या काकांची लिहिली. सगळा संसार ज्यांच्याबरोबर झाला, त्यांचं एक वाक्य म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं समजून बसले. ‘शांत, मितभाषी, बागेची आवड असलेले.’ त्यांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं, आणि अगदी मनापासून विचारलं की हे गृहस्थ कोण. बागेची आवड त्यांना नाहीच म्हणे. माझा आवाज तिथपर्यंत पोचत नाही, एवढंच. आणि शांत असतात, ते माझं बोलणं संपायची वाट बघत. आधी मी संतापले. मग विचारत सुटले. दोन दिवस आम्ही बोलतोच आहोत. मितभाषी तर मुळीच नाहीत.

चिठ्ठ्या काढ. बाहुल्या राहू देत, आणि जिच्यासाठी मी भांडले ती सगळ्यांत पुढे. गळ्यात कोऱ्या चिठ्ठ्या बांध. मुलांना काय विचारायचंय ते मुलांना लिहू दे.

भाषणाला येते आहे. थोडक्यात बोलेन, असं काकांना सांगितलं, तर ते उठून बागेत गेले.

लोभ होता तिथेच आहे. फक्त माझ्या गळ्यात काही बांधू नकोस.

साधी नसलेली, सदा आनंदी तर नाहीच, थोडीफार कष्टाळू,
तुझी आत्या