आठ दिवस सावलीत

सोमवार, ९ मार्च
आलो एकदाचा! ट्रंक, छत्री आणि शाळेतल्या कवितांची वही, एवढाच या निवृत्त मास्तराचा संसार. काम काय, तर घरमालकीणबाईंचे तीन चाफे सांभाळायचे आणि मागच्या खोलीत राहायचं. खिडकीतून वास आला आणि मी थेट चौथीच्या बाकावर जाऊन बसलो. धाकट्या बहिणीने, चिमणीने, माझ्या दप्तरात चाफा लपवला होता आणि ओरडा मी खाल्ला होता. तिला लगेच पत्र टाकलं: दोघंही आता एकटेच, तर बावीस तारखेच्या रविवारी इथेच राहायला ये. बाई म्हणाल्या, आधीचे तिन्ही माळी इतके रमले की परत गेलेच नाहीत.

बुधवार, ११ मार्च
फांद्या छाटल्या. चाफ्याला काप दिला की पांढरा चीक गळतो. तशीच मातीत खोचली तर फांदी कुजते. बाईंनी कापलेल्या टोकांना डब्यातली राख चोळली. आठ-दहा दिवस सावलीत, पाण्याचा थेंब नाही, जखम सुकली की मग लावायची. तेवढ्यात सुरी निसटून माझंच बोट कापलं. बाईंनी त्याच डब्यातली राख लावली. मी म्हटलं, मलाही रुजवताय की काय! त्या हसल्या नाहीत. मास्तर, आठ दिवस सावलीतच बसा, एवढंच म्हणाल्या.

शनिवार, १४ मार्च
चिमणीचं उत्तर आलं. लिहिते, दादा, तुला झाडं कळतात ती कवितेतली. घरातली तुळससुद्धा तू वाळवलीस. येतेच रविवारी, बघते तुझे चाफे किती तग धरतात! पोट धरून हसलो. हसता हसता ध्यानात आलं, परवापासून मी पाणीच प्यायलेलो नाही. तहान नाही. बोटही दुखत नाही. पट्टीवरचा डाग मात्र पांढरा आहे.

सोमवार, १६ मार्च
व्हरांड्यात आडव्या ठेवलेल्या फांद्यांना फुलं आली. मूळ नाही, माती नाही, तरी फुलं. बाई म्हणतात, चाफा अंगात साठवलेलं असं उधळतो. आज मला चौथीतल्या सगळ्या कविता आठवल्या, एक ओळही न अडखळता. आनंद व्हायला हवा होता.

बुधवार, १८ मार्च
उशीवर केसांचे पुंजके. चाफाही फुलताना पानं गाळतो.
तिसऱ्या झाडाच्या बेचक्यात चष्मा आहे. काड्या सालीत रुतलेल्या. दुसऱ्याच्या खोडात सदऱ्याची बटणं, वरून खाली, ओळीने. पहिल्याजवळ गेलो नाही.
पलीकडे चौथा खड्डा. मी खणलेला नाही.

शुक्रवार, २० मार्च
पाय वाकत नाहीत. फाटक वीस पावलांवर, पण — चिमणीसाठी चिठ्ठी लिहिली: येऊ नकोस. बाईंना पोस्टात टाकायला दिली. त्यांनी ती वाचली, नीट घडी केली, माझ्याच खिशात परत ठेवली. बोट बघून म्हणाल्या, छान सुकलीय जखम.

शनिवार, २१ मार्च
पाचवा खड्डा. आखूड. चिमणी माझ्या खांद्याएवढीच —
बाई सुरीला धार लावताहेत. राखेचा डबा भरून ठेवलाय.

रविवार, २२ मार्च
सकाळ. गुडघ्यापर्यंत माती. गार वाटतं, हेच भयंकर. बाईंनी वही हातात राहू दिली. लिहायला आवडतं ना तुम्हाला, म्हणाल्या.
फाटक वाजलं. तीच. ओरडतोय — तोंडातून चीक — आवाज नाही, नुसता वास —
हसतेय. म्हणते, अगंबाई, केवढा हा घमघमाट! आमचा दादा कुठे दडलाय?
बाई म्हणतात, येईल इतक्यात. तोवर एक फांदी काढा ना, तुमच्याच हाताने. सुरी दिली —
चिमणे, नको. बोट सांभाळ. त्या राखेला —
जवळ आली. वर बघते. ओळखत नाही. तिने माझं मनगट धर