राख, गांधीलमाश्या आणि गौराबाई

॥ श्री शिव प्रसन्न ॥
मानवत, ता. ८-११-१९५७

श्री. सिद्रामप्पा दाजी यांस चन्नप्पाचे शरणार्थ वि. वि.

गौरा काल दुपारच्या गाडीने माहेरी सुखरूप पोचली, असे लिहिणार होतो. पण तिची तकरार ऐकून सुखरूप हा शब्द खोडला. तुम्ही म्हणे रोज पहाटे चुलीतली सगळी राख ज्वारीला नेऊन घालता आणि हिला भांडी घासायला चिमूटभरही ठेवत नाही. ही शेजारच्या तानुबाईकडे उसनी राख मागायला गेली, तर तिचीही तुम्हीच नेलेली! त्यात पुढच्या दाराच्या चौकटीवर गांधीलमाश्यांचे पोळे, तेही काढू देत नाही. गौराचा एक डोळा अजून सुजून मिटलेला आहे.

मला एकुलती एक बहीण. पोळे निघेपर्यंत ती परत येणार नाही, आणि मला ते रास्त वाटते.

लोभ आहेच, तो राखेसारखा उधळू नये.
चन्नप्पा

॥ श्री शिव प्रसन्न ॥
पेडगाव, ता. १४-११-१९५७

चन्नप्पा अण्णांस सिद्रामप्पाचे अनेक शरणार्थ.

पत्र वाचून हैराण झालो, पण माझेही ऐका. दोन साल खोडकिडीने धड कडबासुद्धा हाती लागू दिला नाही. शेतकी खात्याचे साहेब सांगून गेले, की राखेत बारीक वाळूचा अंश असतो, तो मुळांवाटे चढतो आणि ज्वारीचे ताट टणक होते. मी घरची रीत म्हणून प्रत्येक ताटाला तीन बोटांनी भस्म ओढत सुटलो. गाव बांधावर जमून हसला. साहेबांनी कपाळाला हात लावला आणि पूजा नको, मुळाशी घाला, म्हणाले.

आता गंमत बघा. अळी पूर्वी झटकन ताटात शिरायची. आता ती बिचारी बाहेरच दात झिजवत बसते, आणि तेवढ्यात गांधीलमाशी तिला उचलून थेट आमच्या चौकटीवर आणते. पान किती खरखरीत झाले ते मी स्वतः चाटून पाहिले, जीभ सोलली.

पोळे काढले तर पीक जाते, ठेवले तर गौरा. तूर्त माश्यांना त्रास नको म्हणून पुढच्या दाराला कुलूप लावून मी गोठ्यातून ये-जा करतो.

रागातही माया राहू द्यावी.
सिद्रामप्पा

॥ श्री शिव प्रसन्न ॥
पेडगाव, ता. ३-१-१९५८

अण्णांस शरणार्थ.

आपण मशाल घेऊन येता, असे पत्र पोचले. त्रास घेऊ नये. आपले उत्तर येताच मीच पोळे जाळतो. कणसे टच्च भरली आहेत. काल एकट्यानेच हुरडा भाजला, चोळला आणि गौराची ओंजळ पुढे येईल म्हणून हात तसाच धरून बसलो. हुरडा गार झाला. अण्णा, मला एकट्याला हे पीक गोड लागत नाही.

तिला एवढे वाचून दाखवावे, ही मेहरबानी.
सिद्रामप्पा

॥ श्री शिव प्रसन्न ॥
मानवत, ता. ६-१-१९५८

दाजींस शरणार्थ.

वाचून दाखवले. गौराने आधी डोळ्याला पदर लावला, मग तुमच्यावरच डाफरली. पोळं जाळलं तर पुढल्या साली अळ्या कोण उचलणार, माणसाला डोकं हाय का न्हाई, हे तिचेच शब्द. डोळा कधीच बरा झाला होता. राग तेवढा राहिला होता, तो आज गेला. तिची अट एकच: पुढचे दार माश्यांना, गोठ्याचे तुम्हा दोघांना, आणि भांड्यांपुरती राख तिची.

हे पत्र टपालात टाकत नाही, गौराच तुमच्या हाती देईल. लोभ वगैरे मागाहून लिहीन. वाचत काय उभे राहिलात, तिला आत घ्या.
चन्नप्पा