आबा बोलले पाहिजेत

तीर्थस्वरूप अभिमनमामा ऊर्फ आबांना भाचा भटू याचा धुळ्याहून दोन्ही हात जोडून नमस्कार.

गुडघा कसा आहे? केळीची कापणी आटोपली का? इकडे मी ठीक. (तुम्ही विचारलं नाही, विचारणारही नाही, म्हणून आपणहून सांगितलं.)

आमदार भाऊंच्या कार्यालयातून मला काढलं, हे तुमच्या कानावर आलंच असेल. (ती बातमीही मीच लिहिली: 'वैयक्तिक कारणास्तव पदमुक्त'. चौदा वर्षांतली माझी सगळ्यात छोटी बातमी.) आबा, मी रिक्षातल्या भोंग्यापासून वर आलेला माणूस. 'आज सायंकाळी ठीक सात वाजता' हे मी जळगावच्या गल्लीबोळांत इतक्यांदा ओरडलोय की अजून झोपेत म्हणतो. पुढे आमदारांचा प्रसिद्धिप्रमुख झालो. या धंद्यात प्रेसनोट कार्यक्रमाआधीच लिहायची असते, कारण पेपरची पानं लवकर लागतात आणि नेते उशिरा पोचतात. चोपड्याला माइक बंद पडला, तरी 'भाषणाने सभा भारावली' असं सकाळी छापून आलं. लोकांनी वाचलं आणि मग भारावले. शिरपूरला तर भाऊ पोचलेच नाहीत, तरी त्यांचा सत्कार झाला. कुणी हूं की चूं केलं नाही, त्यामुळे माझा हात सरावला.

थोरले मामा गेले तेव्हा तेच झालं. भाऊ असोद्याला तुमच्याकडे येणार होते, म्हणून 'भाऊंनी दारावर जाऊन कुटुंबीयांचं सांत्वन केलं, त्यांना अश्रू आवरेनात' अशी नोट मी धाडून दिली. भाऊ ऐनवेळी नाशिकला एका लग्नात गेले, फेटा बांधून वरातीत नाचले, आणि तो फोटो नेमका त्याच पानावर माझ्या बातमीच्या डोक्यावर बसला. जिल्हा हसला, भाऊंनी हाकललं, ते एक परवडलं. पण तुम्ही तो पेपर पारावर वाचलात, घडी घातलीत आणि एवढंच म्हणालात, 'भटूले सांगजा, आपल्याकडे कोनी आलं नाई.' तेव्हापासून तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र.

आता मी धुळ्यात 'जनसंपर्क सल्लागार' अशी पाटी लावली आहे. (काम तेच. पूर्वी भाऊ केव्हाही झापायचे, आता झापायला वेळ ठरवून यावं लागतं.) चार महिन्यांत पहिलंच गिऱ्हाईक आलं: महापालिकेला उभ्या राहणाऱ्या कोकिळाताई. मी लॅपटॉप उघडून प्रचाराचा आराखडा दाखवायला लागलो, तर बाईंनी तो हाताने मिटला. त्यांचं माहेर असोद्याचं, हे मला कुठं ठाऊक? म्हणाल्या, 'ते राहू दे. तुहा मामा तुह्याशी बोलतो का? ज्याच्याशी घरचा मामा बोलत नाही, तो माझ्या वतीने गावाशी काय बोलेल?' पुढच्या सोमवारपर्यंत मुदत दिली आहे. हे काम गेलं तर पाटी उतरवून पुन्हा भोंगा. पण मी हटणार नाही, एवढं लिहून ठेवा.

सुगंधामामींना नमस्कार. तब्येतीस जपा.

तुमचा,
भटू

ता.क. रविवारी सकाळी येतो. ओट्यावर, चार लोकांदेखत, माझ्याशी दोन शब्द बोला. फोटोवाला आणत नाही. (समोरचा नीलेश मोबाईल घेऊन बसलेलाच असतो, त्याला मी काय सांगणार?)

पुन्हा ता.क. वरचा कंस खोडला असं समजा. नीलेशला आत पाठवा. भाऊ आले नाहीत याचं तुम्हाला काहीच वाटलं नाही, हे मला माहीत आहे. दारावर मी आलो नव्हतो. त्या दुपारी कार्यालयात बसून ती नोट लिहीत होतो. 'अश्रू आवरेनात' हे काही खोटं नव्हतं, फक्त नाव चुकीच्या माणसाचं पडलं.

आणखी एक. चहा नाही दिला तरी बसेन. शिव्या घातल्या तरी चालतील. मामा बोलतो का, एवढंच ताईंनी विचारलं आहे. काय बोलतो, ते विचारलेलं नाही.